शिक्षक संघटना (ठाणे जिल्हा)

ठाण्यात 'संघटनेकडे जाऊन ये' असं शिक्षक एकमेकांना सांगतात तेव्हा कुठली संघटना हे समोरच्याच्या नोकरीवरून कळतं. कारण अशी एकच संघटना इथे नाहीये, आणि त्याचं मूळ पगार कोण देतो यात आहे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावचे प्राथमिक शिक्षक झेडपीचे कर्मचारी झाले, १९८२ ला ठाणे महापालिका झाली, १९९२ ला नवी मुंबईची, म्हणजे तिथल्या मनपा शाळांचे शिक्षक वेगळे, शिवाय अनुदानित, विनाअनुदानित, ज्युनियर कॉलेजवाले, प्रत्येकाचं दुखणं वेगळं, म्हणून बॅनरही वेगळा. शिक्षक संघ, शिक्षक समिती, शिक्षक परिषद, शिक्षक भारती, टीडीएफ (टीचर्स डेमोक्रॅटिक फ्रंट) ही राज्यभरातली नावं, त्यांच्या शाखा इथेही दिसतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू-जव्हारपर्यंत पसरलेला जुना ठाणे जिल्हा तुटला, त्यानंतर झेडपीही दोन झाल्या.

लोकांना संघटना दिसते ती आझाद मैदानातल्या धरण्यात. पण खरं काम कागदाचं आहे, आणि ते भयंकर कंटाळवाणं. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवड वेतनश्रेणी, मेडिकल बिल, सेवापुस्तकातली राहिलेली नोंद, शालार्थमध्ये, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत, न आलेलं नाव. फाईल केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, वेतन पथक यांच्यामध्ये कुठेतरी अडकते आणि शाळा सोडून रोज तिच्यामागे फिरणं कुणाला जमत नाही, मग तालुका अध्यक्षाला फोन जातो. जो पदाधिकारी फाईल पुढे सरकवतो त्याच्याकडे सभासद टिकतात, भाषण कसंही असो.

बदल्या हा दुसरा मोठा विषय. शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ भागात शाळा असलेले बरेच जण कल्याण-बदलापूरला राहतात, लोकल पकडून पुढे जीप किंवा बाईक. अवघड क्षेत्राच्या, म्हणजे पोहोचायला कठीण शाळांच्या, यादीत आपली शाळा आहे की नाही यावर पुढची कित्येक वर्षं ठरतात, म्हणून यादी आली की वाद ठरलेला. २०१७ च्या धोरणानंतर बदल्या ऑनलाइन झाल्या आणि ओळखीपाळखीला चाप बसला, नेत्यांचं वजनही थोडं कमी झालं असं म्हणायला हरकत नाही.

खाजगी शाळांमध्ये लढाई वेगळी. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली आल्यावर संस्थाचालकाला मनात आलं म्हणून शिक्षकाला घरी बसवणं अवघड झालं, बडतर्फ झालेला माणूस शाळा न्यायाधिकरणात अपील करू शकतो. तरी विनाअनुदानितमध्ये अपील करायची हिंमत किती जणांना होते हा प्रश्न आहेच.

राजकारणही आहे. विधान परिषदेच्या कोकण शिक्षक मतदारसंघात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येतात. रामनाथ मोते शिक्षक परिषदेकडून आमदार होते, २०१७ ला शेकापचे बाळाराम पाटील निवडून आले, २०२३ ला भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे. गंमत म्हणजे इथे मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच, म्हणजे झेडपीच्या प्राथमिक गुरुजींना शिक्षक आमदार निवडताच येत नाही.

सगळे बॅनर एकत्र आले ते पेन्शनसाठी. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे एकाच स्टाफरूममध्ये शेजारी बसणाऱ्या दोघांचं म्हातारपण वेगळं. मार्च २०२३ च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा सगळीकडे होती, १४ तारखेला सुरू झालेला संप २० ला मागे घेतला. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणसेवकांचं, म्हणजे नव्याने लागून मानधनावर असलेल्या शिक्षकांचं, महिन्याचं मानधन ६,००० वरून १६,००० झालं.

त्यानंतर दोन विषय पेटले. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा (शाळेला किती शिक्षकपदं मंजूर, याचा) जीआर, त्यात पटसंख्येचे निकष असे की छोट्या शाळांची पदं जातात असं संघटनांचं म्हणणं. आणि १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल: निवृत्तीला पाचपेक्षा जास्त वर्षं असलेल्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचंय, वीस वर्षं शिकवून झालेल्यांनासुद्धा.