डोंगराचं वजन पाणी उचलतं

दर पावसाळ्यात कुठेतरी दरड कोसळते आणि बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘पावसानं माती निसरडी झाली आणि डोंगर घसरला.’ पाणी म्हणजे जणू वंगण! पण दिवाळीतला किल्ला ओल्या मातीचाच होतो, कोरड्या मातीचा बुरूज उभासुद्धा राहत नाही. थोडं पाणी माती धरून ठेवतं. मग तेच पाणी डोंगर पाडतं कसं?

स्टीलची वाटी गरम पाण्यानं विसळून ओल्या ओट्यावर उपडी ठेवा. पुष्कळदा ती आपोआप सरकू लागते. लहानपणी हे पाहून घरातलं कुणीतरी ‘भुताटकी’ म्हणालेलं मला आठवतं. खरं कारण फार सुंदर आहे. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि वाटीला खालून किंचित उचलते. वाटीचं वजन तेवढंच राहतं, पण ओट्यावर पडणारा भार घटतो. घर्षण भारावर अवलंबून असतं, त्यामुळे तेही घटतं.

डोंगरउतारावर हवेच्या जागी पाणी येतं. सह्याद्रीत काळ्या कातळावर माती आणि मुरमाचा थर असतो. तो उतारावर टिकतो, कारण मातीचे कण एकमेकांवर दाबले गेलेले असतात. मुसळधार पावसाचं पाणी मुरत खाली जातं, कातळापाशी अडतं आणि कणांमधल्या पोकळ्या भरत वर चढतं. आता कणांमधलं हे पाणी स्वतःच वरचा भार पेलू लागतं. एकूण भारातून हा पाण्याचा दाब वजा केल्यावर कणांवर उरतो तो ‘परिणामी ताण’. कार्ल टेर्झागी यांनी 1920च्या दशकात मांडलेली ही कल्पना मृदा-यांत्रिकीचा पाया आहे.

आकडे घालून पाहू. 4 मीटर जाडीचा, पाण्यानं भरलेला थर धरा. अशी माती घनमीटरला साधारण 2 टन भरते, म्हणजे तळाच्या दर चौरस मीटरवर 8 टन. पाणी पृष्ठभागापर्यंत चढलं तर त्यातले 4 टन पाणीच पेलतं. कणांवरचा दाब निम्मा आणि घर्षणही निम्मं! उताराच्या कोनानं हे टन बदलतात, पण निम्म्याचं प्रमाण तेच राहतं. थराला खाली ओढणारं वजन मात्र पाणी शिरल्यानं वाढलेलंच असतं.

22 जुलै 2021 रोजी महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली. त्याच सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला होता. हल्ली अशा प्रत्येक पावसाला ‘ढगफुटी’ म्हणायची खोड लागली आहे. हवामान खात्याच्या व्याख्येत ढगफुटी म्हणजे तासाला 100 मिलिमीटर. दरडीला तेवढ्या जोराची गरजच नसते, सलग मुरत राहिलेला पाऊस पुरतो. ‘डोंगरदेवाचा कोप’ म्हणणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे : कोपाला पूर्वसूचना नसते, पाण्याच्या दाबाला पुष्कळदा असते.

मुरायला वेळ लागतो, म्हणून पाऊस ओसरल्यावरही दरड येऊ शकते. दरडीची वेळही ठरलेली नसते : माळीणला 30 जुलै 2014च्या सकाळी 151 माणसं गेली. इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023ला दरड आली ती रात्री, गाव घरात असताना. घरामागच्या उतारावर आडवी भेग पडली, विजेचा खांब कलला, नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला, दार चौकटीत अडकू लागलं, तर उजाडायची वाट पाहू नका. भेगेतून पाणी थेट तळाशी जातं, आणि एरवी दिवसभर मुरणारं पाणी तासाभरात पोचतं.