निम्म्याची दुप्पट : क्रिप्टो पाठवताना होणाऱ्या चुकांमागचा इतिहास

आमच्या इंदूरच्या सराफ्यात जेव्हा हुंड्या चालत, तेव्हा हुंडीवर रक्कम एकदा लिहून भागत नसे. आधी आकड्यात रुपये १०००, मग अक्षरी एक हजार आणि त्यापुढे ‘निम्मे पाचशे, त्याची दुप्पट पुरे एक हजार’. कुणाला शून्य वाढवायचं असेल तर तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे आणि ती उघडी पडे. हुंडी वाटेत हरवली तर ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत निघे, तीही हरवली तर ‘परपेठ’. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहाच्याच हाती पडत, आणि हुंडी चोरीची निघाली तर ते परत करण्याची जबाबदारी त्याच शाहावर येई. तंटा उरलाच, तर तो ऐकायला होळकरांच्या इंदुरात व्यापाऱ्यांचे अकरा पंच होते.

हे सगळं मला आठवलं ते भाच्याच्या फोनमुळे. तो सुदामा नगरला राहतो, परदेशी गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बनवतो आणि एका गिऱ्हाइकाने त्याला यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरच्या भावाने चालणाऱ्या क्रिप्टो नाण्यात, पैसे दिले. ते विकण्यासाठी त्याने आपल्या वॉलेटमधून (क्रिप्टो ठेवण्याचं अ‍ॅप) एका एक्स्चेंजवर (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचा बाजार) पाठवले. पत्ता बरोबर, रक्कम बरोबर. फक्त एक्स्चेंजने इथेरियम नेटवर्कचा पत्ता दिला होता आणि त्याने फी कमी म्हणून बीएनबी चेन हे दुसरंच नेटवर्क निवडलं. ‘मामा, इथे तर सक्सेस दिसतंय,’ तो म्हणत होता. खरंच हिरव्या अक्षरांत तसं दिसत होतं. एक्स्चेंजच्या खात्यात मात्र शून्य. त्या नेटवर्कवरचं यूएसडीटी आम्ही घेत नाही आणि परतही काढून देत नाही, एवढंच उत्तर आलं. १८० डॉलर, त्याची जवळपास तीन आठवड्यांची संध्याकाळची मेहनत.

ही चूक निव्वळ निष्काळजीपणाची नाही. तिच्यामागे २००८ पासूनचा इतिहास आहे.

बिटकॉइनचा मूळ निबंध ३१ ऑक्टोबर २००८ चा. बँका मध्यस्थ असतात म्हणून त्यांना तंटे सोडवावे लागतात, व्यवहार उलटवावे लागतात आणि त्याचा खर्च सगळ्यांवर पडतो, अशी बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो याची त्यात तक्रार आहे. म्हणजे पाठवलेलं परत न येणं ही इथे राहून गेलेली त्रुटी नाही, तो मूळ हेतूच होता. मग चूक आधीच पकडायला हवी. त्यासाठी बिटकॉइनच्या पत्त्यात आरंभापासून दोन उपाय होते. शून्य आणि कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल ही एकमेकांसारखी दिसणारी चार चिन्हं वगळली आणि उरलेल्या ५८ चिन्हांत पत्ता लिहिला. शिवाय पत्त्याच्या शेवटी चेकसम जोडला. तो आधीच्या अक्षरांवरूनच काढलेला असतो, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं की हिशेब जुळत नाही आणि वॉलेट पैसे पाठवतच नाही. चुकलेला पत्ता योगायोगाने खपून जाण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. निम्म्याची दुप्पट, दुसरं काय!

इथेरियम ३० जुलै २०१५ ला सुरू झालं, तेव्हा त्याच्या ४० अक्षरी पत्त्यात ही सोयच नव्हती. एक अक्षर चुकलं तरी तो पत्ता वैध, फक्त त्याची चावी, म्हणजे तिथले पैसे हलवण्याचा गुप्त आकडा, कुणाकडेच नाही. २०१६ मध्ये इथेरियमचे एक संस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी काही अक्षरं कॅपिटल, काही स्मॉल ठेवून त्यातच चेकसम दडवण्याची युक्ती मांडली. चूक निसटण्याची शक्यता त्याने सुमारे चार हजारांत एक इतकी खाली आली. पण सगळं स्मॉलमध्ये लिहिलं की ही तपासणी होत नाही.

चेकसम फक्त पत्ता नीट लिहिलाय का ते सांगतो, तो कोणत्या नेटवर्कवरचा ते नाही. १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइनमधून बिटकॉइन कॅश फुटून निघालं, तेही तसेच पत्ते घेऊन. लोकांनी एकाचे पैसे दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवले. अखेर २०१८ च्या सुरुवातीला बिटकॉइन कॅशने पत्त्यांचं रूपच बदललं. २०२० मध्ये आलेल्या बीएनबी चेनने मात्र इथेरियमचेच पत्ते जसेच्या तसे घेतले. भाच्याचे पैसे अडकले ते इथे. पत्ता त्याच्या स्वतःच्या वॉलेटचा असता तर तीच चावी दोन्हीकडे चालली असती आणि पैसे हाती आले असते. एक्स्चेंजच्या पत्त्याची चावी एक्स्चेंजकडे असते, म्हणून सगळं त्यांच्या मर्जीवर. एक्सआरपीसारख्या नाण्यांत तर अनेक ग्राहकांना एकच पत्ता देतात आणि कुणाचे पैसे ते टॅगवरून ओळखतात. वाड्याचा पत्ता लिहिला आणि खोलीचा नंबर राहिला, असं तिथे होतं.

चुकलेलं परत मागून पाहिलं नाही असं नाही. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीतून ३६ लाख ईथर (इथेरियमचं नाणं) चोरीला गेले, तेव्हा पुढच्या महिन्यात इथेरियमने आपली वहीच बदलून ते फिरवले. वाद एवढा पेटला की इथेरियम क्लासिक वेगळं झालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी वॉलेटच्या कोडमधल्या दोषाने ५ लाख १३ हजार ईथर गोठले. ते सोडवण्याचा प्रस्ताव आला, पण या वेळी समाजाने नकार दिला. माझ्या मते अकरा पंचांचा दरवाजा तिथेच बंद झाला.

सगळ्यात जीव घाबरवणारी गोष्ट मात्र अलीकडची आहे. चोर तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखी सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं असलेला पत्ता तयार करतो आणि तुम्हाला नगण्य रक्कम पाठवतो. काही वेळा शून्य रकमेचा व्यवहार असा करतो की तो तुम्हीच केलाय असं दिसावं. तो पत्ता तुमच्या व्यवहारांच्या यादीत येऊन बसतो. मे २०२४ मध्ये एकाने शहाणपणा करून आधी थोडी रक्कम योग्य पत्त्यावर पाठवून पाहिली. चोराने तेवढ्यात मिळताजुळता पत्ता यादीत घुसवला. मग त्या माणसाने यादीतून पत्ता उचलला आणि सुमारे ६.८ कोटी डॉलरचं रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं रूप) चोराकडे गेलं. बोलणी होऊन बहुतेक रक्कम परत आली, पण ती चोराने दिली म्हणून. म्हणून आधी थोडे पाठवून पाहावेतच, पण पुढची रक्कम पाठवताना पत्ता यादीतून उचलू नये. तो जिथून मूळ मिळाला तिथूनच घ्यावा किंवा आधी जतन केलेला वापरावा.

बँकांची वाट इथे उलट्या दिशेने गेली. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने नावाऐवजी फक्त खाते क्रमांकावर पैसे जमा करायला मुभा दिली. आता आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पाठवण्याआधी घेणाऱ्याचं नाव दाखवायला तिने सांगितलं आहे. क्रिप्टोच्या पत्त्यामागे मात्र नाव दिसत नाही. आपल्याकडे मार्च २०२३ पासून एक्स्चेंजेस मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले, पण बँकेविरुद्ध जसं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं तसं इथे जाता येत नाही.

परवा भाचा घरी आला तो पुन्हा पैसे पाठवायला. नेटवर्कचं नाव दोन्हीकडे ताडून झालं. मग मी त्याच्या फोनवरून पत्ता मोठ्याने वाचू लागलो आणि तो लॅपटॉपवर बोट ठेवून जुळवू लागला, मधली अक्षरंसुद्धा, चाळीसच्या चाळीस. बाविसाव्याला मी अडखळलो. ‘मामा, पहिल्यापासून,’ तो म्हणाला.