कापसात अडकलेली अंगठी

दारव्ह्याकडच्या एका गावात माझ्या भाचीचं साक्षगंध झालं (पुण्या-मुंबईकडे ज्याला साखरपुडा म्हणतात, ते). पंधरा दिवसांनी ती वेचणीला गेली आणि संध्याकाळी बोट पुढे करून म्हणाली, "मामी, कापसाले अडकते वो हे. प्रत्येक बोंडाले." खडा चिमटीत धरून हलवला तर तो खरंच हलत होता.

अंगठीत मुख्य भाग तीनच. बोटाभोवतीचं कडं, त्यावरची खड्याची बैठक आणि खडा. बैठकीतून वर आलेले चार किंवा सहा काटे खड्याच्या कडेवर वाकवलेले असतात. दुकानात त्यांना प्रॉंग म्हणतात. सगळा भार या काट्यांवर असतो आणि ते काडेपेटीतल्या काडीहूनही बारीक असतात. कापसाचा तंतू काट्याखाली शिरतो, आपण हात ओढतो, काटा केसभर उचलला जातो. सोनं स्प्रिंगसारखं परत येत नाही, वाकलं की वाकलेलंच राहतं. दिवसाला शेकडो बोंडं वेचणाऱ्या हाताला ही अंगठी किती दिवस पुरणार?

सोनं इतकं मऊ का, ते समजून घेण्यासारखं आहे. त्यातले अणू थरांवर थर रचलेले असतात आणि जोर लागला की हे थर एकमेकांवरून सहज घसरतात. त्यात तांबं मिसळलं की तांब्याचे लहान अणू मध्येमध्ये बसतात, रांगा वेड्यावाकड्या होतात आणि घसरणं अवघड होतं. म्हणून 24 भागांत 22 भाग सोनं असलेला 22 कॅरेटचा दागिना (हॉलमार्कवर 916) मऊ, तर 18 कॅरेटचा (750) जास्त टणक. आपल्याकडे 18 कॅरेट म्हटलं की फसवणुकीचा संशय येतो. भाव 18 कॅरेटचाच लावला असेल तर ती फसवणूक नाही, खडा धरायला हेच सोनं बरं. कड्याच्या आतल्या बाजूला हॉलमार्कसोबत सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की शुद्धता दिसते. एवढं तरी दुकानातच तपासून घ्या.

हिऱ्याचं कॅरेट मात्र वेगळं, ते वजनाचं. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम.

आता खड्याची चमक. हिऱ्यात प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा जवळपास 2.4 पट कमी होतो. त्यामुळे वरून आत गेलेला किरण खालच्या तिरप्या पैलूंवर आदळला की सहसा बाहेर पडू शकत नाही, तो आतल्या आत उलटतो आणि वरूनच आपल्या डोळ्यांत येतो. पण या खालच्या पैलूंना तेल लागलं, तर हवेची जागा तेल घेतं आणि बराच प्रकाश तिथून निसटतो. हिरा 'मेला' असं आपण म्हणतो ते बहुतेकदा यामुळेच. त्यातून हिऱ्याला पाणी चिकटत नाही, तेलतूप मात्र पटकन चिकटतं. खाणीत तर खडीतून हिरे वेगळे करायला चरबी फासलेले तक्तेच वापरत असत! फोडणीचा हात, केसांचं तेल, सगळं खड्याच्या पोटाशी जमतं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि लहान मुलाचा मऊ ब्रश घेऊन खालून घासा. अमेरिकन डायमंडचंही असंच करा. तो हिरा नव्हे, झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा स्फटिक आहे. पण साक्षगंधात तो असला म्हणून कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

कडं झिजतं ते तळहाताच्या बाजूने. खुरप्याची मूठ, हंड्याचा काठ, विहिरीचा दोर, सगळं तिथेच घासतं. अंगठी मोठी-लहान करताना झाळलेला सांधाही बहुधा तिथेच येतो. म्हणून कडं वरून रुंद आणि खालून पातळ असलं तर मला ते पसंत नाही. माप मे महिन्याच्या भरदुपारी देऊ नका आणि जानेवारीच्या पहाटेही देऊ नका. उन्हाने बोट फुगतं, थंडीत आकसतं.

भाचीची अंगठी आम्ही सोनाराकडे नेली. काटे काढून त्याने खड्याभोवती सोन्याची अखंड पट्टी वळवली, म्हणजे आपलं जुनं कोंदण. खालची बाजू उघडी ठेवायला सांगितली, साबण आत जावा म्हणून. पट्टीमुळे बाजूने येणारा प्रकाश थोडा अडतो, ते खरं. पण आता बोंडाला अडकायला तिथे काही उरलं नाही.

ज्यांना काट्यांचीच अंगठी ठेवायची आहे, त्यांनी महिन्यातून एकदा ती कापसाच्या बोळ्यावरून हलकेच फिरवावी. तंतू ज्या काट्याला अडकला, तो काटा उचलला गेलाय.