यार्डातली हळद आणि पेशीतली चूल

सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे चालू असताना कॅन्सरचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘आपल्या हळदीतच औषध हाय की!’ ते खरं धरलं तरी हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात अगदी थोडं उतरतं. मग पेशीच्या आत, ठरलेल्या जागी ते जायचं कसं?

ही ठरलेली जागा म्हणजे तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), पेशीला ऊर्जा पुरवणारी चूल. तिच्याकडे संशोधकांची पाठ फिरण्यात जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांचा वाटा आहे, असं मला वाटतं. गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असूनही ग्लुकोज आंबवतात, हे त्यांनी १९२० च्या दशकात दाखवलं. निरीक्षण पक्कं होतं. ‘म्हणजे चूल बिघडलेली असणार’ हा निष्कर्ष मात्र कच्चा निघाला. बहुतेक कॅन्सरपेशींत ती पेटलेलीच असते.

पत्ता सापडला तो विजेमुळे. तंतुकणिकेच्या आतल्या पटलाची आतली बाजू ऋणभारित असते, विजेचा दाब साधारण १५० ते १८० मिलिव्होल्ट. धनभारित रेणू तिकडे आपोआप ओढला जातो आणि दर ६० मिलिव्होल्टमागे सुमारे दहापट साठतो. १९८० च्या सुमारास लॅन बो चेन यांच्या गटाने ऱ्होडामिन १२३ या रंगाने हे उघड दाखवलं. पुढे बऱ्याच कॅन्सरपेशी हा रंग जास्त वेळ धरून ठेवतात, हेही दिसलं. मग न्यूझीलंडमध्ये मायकेल मर्फी आणि रॉबिन स्मिथ यांनी ट्रायफेनिलफॉस्फोनियमची धनभारित शेपटी रेणूंना जोडून ते चुलीपर्यंत पोहोचवले.

१९९६ मध्ये शियाओडोंग वांग यांच्या गटाला कळलं, की तंतुकणिकेतून सायटोक्रोम सी हे प्रथिन गळलं की पेशीच्या मरणाची साखळी सुरू होते. सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त कॅन्सर-औषधाचं गणितही यातून बदललं. हे औषध केंद्रकातल्या डीएनएवर घाव घालतं आणि चिवट पेशी तो घाव दुरुस्त करून घेतात. तंतुकणिकेतही स्वतःचा डीएनए असतो, पण दुरुस्तीची ती यंत्रणा तिथे नसते. म्हणून शांता धर यांच्या गटाने प्लॅटिनमलाच शेपटी लावली.

रुग्णांपर्यंत पोहोचलेलं ठळक नाव व्हेनेटोक्लॅक्स, रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध, अमेरिकेत २०१६ पासून. त्याला शेपटी नाही; तंतुकणिकेवर बसून पेशीचं मरण अडवणाऱ्या बीसीएल-२ प्रथिनाला ते धरतं. उलट, चुलीची श्वसनसाखळीच बंद करणाऱ्या एका औषधाच्या चाचण्या नसांना इजा होऊ लागल्याने थांबवाव्या लागल्या. चूल निरोगी पेशींतही असतेच ना!

कर्क्युमिनलाही ही शेपटी जोडून झाली आहे, पण प्रयोगशाळेतल्या पेशींवर. यार्डातल्या हळदीला ती नसते.