वाळेपर्यंत थांबा

ऑपरेशन होऊन आलेल्या माणसाच्या पट्टीभोवती तपकिरी डाग दिसला की नातेवाईक ओळखतात, बेटाडीन. म्हणजे पोव्हिडोन आयोडीन, ऑपरेशनच्या आधी त्वचेवरचे जंतू मारायला लावतात ते औषध. हल्ली बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी क्लोरहेक्सिडीन नावाचं दुसरं जंतुनाशक लावतात. यातलं चांगलं कोणतं?

आयोडीन जंतूंच्या प्रथिनांवरच घाला घालतं, पण रक्त-पू लागला की त्याचा जोर ओसरतो. क्लोरहेक्सिडीन जंतूचं आवरण फोडतं आणि त्वचेला चिकटून कित्येक तास काम करत राहतं. अल्कोहोल सर्वांत झपाट्याने मारतं, पण उडून जातं. म्हणून ते या दोघांपैकी एकाच्या जोडीने वापरतात.

2010 साली अमेरिकेत 849 रुग्णांवर झालेल्या चाचणीत क्लोरहेक्सिडीनने बाजी मारली. जखमेत संसर्ग झाला तो 9.5 टक्के रुग्णांना. आयोडीनच्या गटात 16.1 टक्क्यांना. पण मला त्यात एक गोष्ट खटकते. क्लोरहेक्सिडीन अल्कोहोलमध्ये होतं आणि आयोडीन पाण्यात! ही बरोबरीची लढत नव्हतीच. 2024 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत दोन्ही औषधं अल्कोहोलमध्ये दिली, तेव्हा आकडे आले 5.5 आणि 5.1 टक्के. म्हणजे जवळजवळ सारखेच.

मग सगळी करामत अल्कोहोलची? तसंही ठामपणे म्हणता येत नाही. भारतासह सात देशांतल्या 5,788 रुग्णांवरच्या पोटाच्या शस्त्रक्रियांची चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे पाण्यातलं साधं बेटाडीन अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीनपेक्षा मागे पडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मात्र 2016 पासून अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीनची आहे. ज्या छोट्या रुग्णालयाला ते परवडत नाही, त्याने बेटाडीन वापरलं म्हणून रुग्णाने घाबरून जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

जागा पाहून मात्र निवड बदलतेच. क्लोरहेक्सिडीन डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते, कानाच्या आत पोचलं तर बहिरेपण येऊ शकतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्यात सौम्य आयोडीनच घालतात.

आणि कोणतंही लावलं तरी ते वाळू द्यावं लागतं. आयोडीनला जंतू मारायला वेळ हवा असतो. अल्कोहोल ओलं राहिलं तर कॉटरीच्या, म्हणजे रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणाच्या ठिणगीने पेट घेतं, आणि ऑपरेशन थिएटरच्या दिव्यांच्या झगझगाटात ती ज्वाळा चटकन दिसतही नाही. म्हणून बेंबीत साचलेले थेंब टिपायचे, पाठीखाली ओघळ गेला असेल तर ओली चादर काढायची, निदान तीन मिनिटं थांबायचं. केसांत तर ते तासभरही ओलं राहू शकतं. त्यानंतरच निर्जंतुक चादरी अंथरायच्या.