थायरॉइडच्या ऑपरेशननंतरचे धोके: ते उमगत कसे गेले?

थायरॉइडच्या ऑपरेशनआधी सही घेतात त्या संमतीपत्रात चार गोष्टी हमखास असतात: रक्तस्राव, कॅल्शियम कमी होणं, आवाज बदलणं आणि आयुष्यभराची गोळी. यांतला रक्तस्राव सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक होता. बाकीच्यांचा खरा विचार सुरू झाला तो रुग्ण ऑपरेशनमधून वाचू लागल्यावर.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गलगंडाला, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाढून आलेल्या गाठीला, सुरी लावायला भले भले सर्जन कचरत. ग्रंथीला रक्तपुरवठा अफाट, आणि धार लागली की ती थांबवायला धड साधनं नाहीत. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल ग्रॉस यांनी १८६६ मध्ये या शस्त्रक्रियेला कसाईकाम म्हटलं. झुरिकमध्ये थिओडोर बिलरोट यांचे जवळपास ४० टक्के रुग्ण दगावले, तेव्हा त्यांनी काही वर्षं हे काम सोडूनच दिलं. पुढे भूल, लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत आणि रक्तवाहिन्या पकडणारे चिमटे आले नि चित्र पालटलं. रक्तस्राव मात्र पुरता हटलेला नाही. आजही पहिले २४ तास गळा सुजतोय का, यावर डोळा ठेवतात. आत साठलेलं रक्त श्वास कोंडू लागलं, तर कधीकधी खाटेवरच टाके उघडावे लागतात.

बर्नच्या थिओडोर कोखर यांनी मृत्यूचं प्रमाण हळूहळू एक टक्क्याच्याही खाली आणलं. त्यांचं ऑपरेशन संथ, नेटकं, रक्त जवळपास न सांडणारं. पण १८७४ मध्ये त्यांनी एका ११ वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली, आणि ती वाढायची थांबली, मंद झाली. १८८२ मध्ये जिनिव्हाच्या जाक-लुई रेव्हर्दँ यांच्याकडून असाच अनुभव कानावर आला, तेव्हा कोखर यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेले १८ जण तपासायला आले. त्यांतले १६ सुजलेले, सुस्त, थंडी न सोसणारे. हे त्यांनी १८८३ मध्ये जाहीरपणे मांडलं. १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं खरं, पण माझ्या लेखी त्यांचं मोठेपण या फेरतपासणीत आहे. तोवर ही ग्रंथी शरीरात करते काय, हेच कुणाला नीट माहीत नव्हतं. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशाच लक्षणांच्या एका रुग्णाला सावरलं. ती बाई पुढे २८ वर्षं जगली. थायरॉक्सिन म्हणजे या ग्रंथीचं संप्रेरक; आजची त्याची आयुष्यभराची गोळी त्याच वाटेवरची.

बिलरोट यांच्या रुग्णांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना हातापायांत पेटके येत, बोटं आखडत. दोघांचंही काम जवळून पाहिलेले अमेरिकन सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी याचा उलगडा केला. कोखर ग्रंथी अगदी स्वच्छ काढत, म्हणून त्यांच्या रुग्णांत थायरॉइडचा अंशही उरत नसे. बिलरोट यांच्या घाईच्या हाताने थायरॉइडचे तुकडे मागे राहत, पण शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावत. मसुराच्या दाण्याएवढ्या या सहसा चार ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. रिचर्ड ओवेन यांना त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्यात आधीच दिसल्या होत्या, आणि १८८० मध्ये स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी त्या माणसात दाखवून दिल्या, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पेटक्यांवर कॅल्शियमचा उतारा पडतो, हे सिद्ध व्हायला १९०९ उजाडलं.

आवाजाची गोष्ट सर्वांत जुनी. थायरॉइडला लागून स्वरयंत्राकडे जाणारी नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) कापली की डुक्कर ओरडायचं थांबतं, हे गॅलेन यांनी रोमन काळातच दाखवलं होतं. तरीही नसेच्या वाटेला जाऊच नये, असं सर्जन कित्येक वर्षं मानत. बॉस्टनच्या फ्रँक लेही यांनी १९३८ मध्ये याच्या उलट आग्रह धरला: नस आधी शोधा, डोळ्यांनी बघा, मगच पुढे जा. आता श्वासनलिकेत घातलेल्या नळीवरचे इलेक्ट्रोड नसेचा प्रतिसाद टिपतात. या मॉनिटरमुळे कायमची इजा खरोखर किती टळते, यावर सर्जनांत अजून वाद आहे. एक फायदा मात्र रोकडा आहे: एका बाजूचा संकेत बंद पडला, तर दुसरी बाजू त्या दिवशी न उघडता पुढे ढकलता येते.