ब्रेसेसने दात सरकतो तेव्हा आत हाडाचं काय होतं

ब्रेसेसची वायर टाइट करून आलं की दोन दिवस पोळीचा घास पण चावता येत नाही आणि जीभ लावली तर दात चक्क हलतो. तेव्हा वाटतंच की हा आता पडणार! पडत नाही, पण ते हलणं खरं असतं, आणि ते का होतं हे कळायला लोकांना बरीच वर्षं लागली.

दात ढकलला की सरकतो हे जुनंच ज्ञान, फ्रान्समधल्या पिएर फोशार या दातांच्या डॉक्टरने 1728 च्या पुस्तकात धातूची पट्टी दातांना दोऱ्याने बांधायची पद्धत दिलीये. पण हाडासारख्या टणक गोष्टीतून दात जातो कसा? 19व्या शतकात दोन तट होते, एक म्हणायचे दाबाने हाड झिजतं, दुसरे म्हणायचे हाड चक्क वाकतं.

मग स्वीडनच्या कार्ल सँडस्टेटने कुत्र्यांचे पुढचे दात साधारण तीन आठवडे मागे ओढले आणि जबड्याचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघितले (हे छापून आलं 1904-05 ला). जिकडे दाब तिकडे हाड खाल्लं गेलेलं, आणि जिकडे ताण तिकडे नवीन हाड तयार होत होतं. म्हणजे दात हाड फोडत जात नाही, हाडच त्याला वाट करून देतं. दात आणि हाडाच्या मध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा लिगामेंटचा (दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंचा) पडदा असतो, सगळा कारभार तिथे चालतो.

सँडस्टेटला अजून एक दिसलं, आणि मला वाटतं खरी गोम तीच. जोर जास्त झाला की त्या पडद्यातलं रक्त अडतं, पेशी मरतात आणि तो भाग काचेसारखा दिसायला लागतो. मग हाड खाणाऱ्या पेशी समोरून येऊच शकत नाहीत, मागून पोखरत येतात, तोवर दात जागचा हलत नाही. म्हणजे जास्त ओढलं की उलट उशीर! 1932 मध्ये श्वार्झ नावाच्या दातांच्या डॉक्टरने योग्य जोराचा आकडाच मांडला, चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅम, म्हणजे केशवाहिन्यांमधल्या रक्ताच्या दाबाएवढा. आता हा आकडा कोणी जसाच्या तसा वापरत नाही, पण हलका जोर बरा हे टिकलं.

मुळांचा भाग जरा टोचणारा आहे. एक्स-रेचा शोध 1895 चा, त्याआधी जिवंत माणसाच्या दाताचं मूळ बघणार कसं? 1927 आणि 1929 मध्ये अमेरिकेत केचम नावाच्या दातांच्या डॉक्टरने ब्रेसेसची ट्रीटमेंट घेतलेल्या लोकांचे एक्स-रे मांडले आणि बऱ्याच जणांच्या मुळांची टोकं झिजलेली निघाली, तेव्हा डॉक्टर मंडळी चांगलीच हादरली. मुळावरचं सिमेंटम (मुळाला झाकणारा कठीण थर) हाडापेक्षा चिवट असतं म्हणून एरवी ते वाचतं, पण मेलेला भाग साफ करायला ज्या पेशी येतात त्या साफ करता करता मुळाला पण कुरतडतात. एक्स-रेत टोकदार मूळ बोथट दिसतं ते यामुळेच, आणि सगळ्यात जास्त वरच्या पुढच्या दातांचं.

बहुतेकांचं नुकसान एक-दोन मिलिमीटरच्या आतच राहतं, जोर थांबला की झीज पण साधारण थांबते. बारीक खड्डे नवीन सिमेंटमने भरून येतात, पण टोकाची गेलेली लांबी काही परत येत नाही.